पेटीतल्या समुद्राचा उन्हाळा

मैत्रिणींनो, उन्हाळ्याची तयारी म्हटली की आपल्याला काय आठवतं? पापड, कुरडया, कैरीचं लोणचं, नवा माठ आणि त्यात टाकायला वाळ्याची जुडी. आमच्या विरारच्या घरी मात्र या यादीत तीन वर्षांपासून आणखी एक काम वाढलं आहे. समुद्र थंड ठेवायचं! हसू नका हं. अर्नाळ्याचा समुद्र नव्हे, आमच्या घरातला. दीडशे लिटरचा, काचेच्या पेटीतला.

हा समुद्र आला आमच्या अप्पांमुळे. अप्पा म्हणजे माझे सासरे. पक्षाघातानंतर त्यांचा उजवा हात लुळा पडला आणि बोलणंही अडलं. त्याच सुमारास माझ्या मुलानं हट्टानं खाऱ्या पाण्याचा फिशटँक आणवला. दोन नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचे क्लाउनफिश, दोन निळे डॅमसेल. अप्पा तासन् तास त्यांच्यापुढे बसू लागले. एके दिवशी सकाळी बोटानं मासे मोजून ते म्हणाले, "चार." दोन महिन्यांत त्यांच्या तोंडून नीट उमटलेला तो पहिला शब्द. तेव्हापासून चाराचे तीन होता कामा नयेत, हे आमच्या घरात कुणी न बोलताच ठरून गेलं.

पाहुणे विचारतात, "सिनेमात दिसतात तशी रंगीत प्रवाळं का नाही ठेवली?" तर बाई, ती ठेवताच येत नाहीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली प्रवाळांचा समावेश झाला. वाघाला जे संरक्षण, तेच त्यांना. आमच्या माशांना कुंभाराकडून आणलेलं एक छोटं मडकं दिलं आहे. त्यात ते खुशाल झोपतात.

आता उन्हाळ्याकडे वळू. या माशांना चोवीस ते सत्तावीस अंशांचं पाणी मानवतं. पाणी तापलं की त्यात विरघळून राहणारा प्राणवायू कमी होतो, आणि नेमका त्याच वेळी माशांना तो जास्त लागतो. मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करू लागले की समजावं, जीव गुदमरतो आहे. त्यातून आमचं घर सर्वांत वरच्या मजल्यावर. मे महिन्यात मध्यरात्रीसुद्धा भिंती गरम लागतात.

दुकानदारानं पाणी थंड करणारं यंत्र सुचवलं. चिलर म्हणतात त्याला. किंमत ऐकली आणि मी म्हटलं, एवढ्यात माझा नवा फ्रीज येईल! मग मी माझ्या माठाकडे पाहिलं. शाळेत अर्धवेळ भूगोल शिकवते, तेव्हा बाष्पीभवन मला काही नवीन नाही. एक लिटर पाणी वाफ होऊन उडताना जी उष्णता ओढून नेतं, तेवढ्यात शंभर लिटर पाणी पाचएक अंशांनी उतरावं. अर्थात खोलीची उष्णता पुन्हा आत शिरतच असते, म्हणून प्रत्यक्षात दोन-तीन अंश उतरले तरी भरून पावलो म्हणायचं. पेटीचं काचेचं झाकण काढलं, वर जाळी टाकली म्हणजे मासे उडी मारून बाहेर येत नाहीत, आणि एक छोटा पंखा पाण्यावर तिरका लावला. झालं आमचं यंत्र!

पण दोन गोष्टी ध्यानात ठेवा. पहिली, पाणी उडतं, मीठ उडत नाही. म्हणून रोजची भर गोड्या पाण्याची, तीही फिल्टरच्या शुद्ध पाण्याची. खारं पाणी ओतत राहिलात तर खारटपणा वाढत जाईल. दुसरी, वसई-विरारची हवा दमट. नागपूरचा माठ जितका गार होतो तितका आपला होत नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे. तेच पेटीचं. म्हणून पंख्यासमोर खिडकी उघडी हवी, दमट हवा बाहेर जायला हवी. पेटीवरचे दिवे दुपारी बंद ठेवून रात्री लावावेत. आणि पेटी पश्चिमेच्या भिंतीला कधीच नको.

खरा पेच पडला तो वीज गेल्यावर. आमच्या इन्व्हर्टरवर रात्रभर एकच पंखा चालतो. तो अप्पांना द्यायचा की माशांना? मुलगा म्हणे माशांना, हे म्हणाले, "वेडा आहेस का? माझ्या वडिलांना उकडत ठेवू?" दोघांचाही आवाज चढला. अप्पा सगळं ऐकत होते, त्यांना बोलता येत नव्हतं एवढंच. दुसऱ्या दिवशी मी पेटी रिकामी करवून अप्पांच्या खोलीत हलवली. भरलेली पेटी दीडशे किलोंच्या वर जाते, तशी हलवू नये. आता एकच पंखा अप्पांच्या अंगावरून पाण्यावर जातो.

मागच्या मे महिन्यात वीज रात्री अकराला गेली ती पहाटे चारला आली. मी बॅटरीवर चालणारा हवेचा पंप लावला, माशांना खायला घातलं नाही, कारण अन्न पचवायलाही प्राणवायू लागतो. फ्रीजरमध्ये गोठवून ठेवलेली लिटरची बाटली, बूच घट्ट लावून, पाण्यात तरंगत सोडली. एका बाटलीनं आमचं पाणी जेमतेम अर्धा-पाऊण अंश उतरतं, आणि तेच बरं. एकदम गार केलेलं पाणीही माशांना सोसत नाही. उघडा बर्फ मात्र टाकू नये, खारटपणा बिघडतो. अप्पा जागेच होते. बाटली वितळली की डाव्या हातानं मला खूण करत. उजाडल्यावर त्यांनी मोजलं. चार.

आमच्या पेटीला पंखा आहे, बाटली आहे, जागणारी माणसं आहेत. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती प्रवाळं आहेत, १९८७ पासून तिथे सागरी अभयारण्य आहे. लक्षद्वीप तर प्रवाळांचंच. समुद्राचं पाणी नेहमीच्या कडक उन्हाळ्याहून अवघा एखादा अंश जास्त तापलं आणि काही आठवडे तसंच राहिलं, तर प्रवाळं आपल्या अंगातलं अन्न देणारं शेवाळ बाहेर टाकतात आणि पांढरीफटक पडतात. १९९८ साली लक्षद्वीपला हे मोठ्या प्रमाणावर झालं, २०२४ साली पुन्हा. एका अंशाची किंमत मला त्या रात्रीनंतर जास्त कळते.

तेव्हा मैत्रिणींनो, तुमच्या घरी फिशटँक असेल, गोड्या पाण्याचा का होईना, तर मार्चमध्येच त्यात थर्मामीटर लावा आणि दोन बाटल्या फ्रीजरमध्ये ठेवा. पाणी तापायला वेळ घेतं, तसंच निवायलाही. आधी सावध राहिलं की रात्री धावपळ होत नाही. आणि घरात कुणी वयस्क, आजारी माणूस असेल तर पेटी त्यांच्या खोलीत ठेवून पाहा. आमच्या अप्पांचा शब्दसंग्रह आता चारच्या पुढे गेला आहे. परवा मी पंखा लावायला विसरेन की काय, म्हणून त्यांनी स्वच्छ हाक मारली, "सूनबाई, पाणी!"