पौंडांचं देणं

१९८४ साली सरकारच्या ‘क्लास’ प्रकल्पातून देशभरातल्या निवडक शाळांना बीबीसी मायक्रो संगणक मिळाले. त्यातल्या एका शाळेत मी शिकलो आणि तिथले विज्ञानाचे सर मला लाभले. आज माझं पोट चालतं ते त्यांनी लावलेल्या एका सवयीवर.

यंत्र विलायती, म्हणून कळफलकावर पौंड. संगणकात प्रत्येक अक्षराला आकडा देणाऱ्या आस्की तक्त्यात ९६ या आकड्यावर जी तिरकी टिकली असते, ती जागा बीबीसीने पौंडाला दिलेली. प्रिंटरच्या गावी हे नव्हतं. पडद्यावर पौंड, कागदावर टिकली. त्यात आमच्या डॉट मॅट्रिक्सचे डिप स्विच ब्रिटिश अक्षरसंचावर लावलेले. त्या संचात ३५, म्हणजे एरवीचा हॅश, पौंड होऊन उमटतो. मागितला तिथे पौंड नाही आणि फाईलमध्ये लिहिण्याच्या आज्ञांत हॅशच्या जागी पौंडच पौंड! मोड ७ या पडद्याच्या प्रकारात तर चौकटी कंसाचा बाण दिसायचा, कागदावर पुन्हा कंस.

प्रिंटर बिघडला असंच सगळे धरून चालले होते. सर म्हणाले, “अरे, यंत्राला शिव्या नंतर घाल. आकडा कोणता गेला, ते आधी सांग.” त्यांनी दोनरेघी वहीत तीन रकाने आखले होते: आकडा, पडदा, कागद. ३२ पासून १२६ पर्यंत प्रत्येक अक्षर छापून, हाताने नोंदलेलं. मग त्यांनी टंकलं: व्हीडीयू १,२७,१,८२,१,०. यातला प्रत्येक १ म्हणजे पुढचा आकडा फक्त प्रिंटरला; २७ आणि ८२ म्हणजे देशाचा संच बदल; शेवटचं शून्य म्हणजे अमेरिका. हॅश मुकाट जागेवर आले. पौंड हवाच असेल, तर शून्याऐवजी ३ देऊन ३५ पाठवायचा आणि परत शून्यावर यायचं. (आमच्या शाळेला पौंड कशाला हवा होता, देव जाणे. रुपयाचं आजचं चिन्ह तर २०१० साली आलं.)

वही त्यांनी मला घरी नेऊ दिली. संगणकाच्या खोलीत चपला काढून जायचे ते दिवस. ही मोकळीक लहान नव्हती.

पुढे मी डीटीपीत शिरलो. युनिकोडपूर्वीच्या मराठी फॉन्टमध्ये ज्याची त्याची आकड्यांची वाटणी वेगळी. फॉन्ट बदलला की मजकुराची भेळ. मी तेच तीन रकाने आखले. अजूनही कुणी जुनी फाईल घेऊन आलं, की आधी आकडे काढतो. पानामागे पैसे घेतो. सरांनी घेतले नव्हते.