आनंदाला किती गुण?

मराठीच्या प्राध्यापकाने ऐन चाळिशीत जपानी गाण्यांच्या नादी लागावे, हे आमच्या सौभाग्यवतींना अजून पटलेले नाही. "शब्द कळत नाहीत, तर डोलता कशावर?" असे तिने परवा विचारले. प्रश्न बिनतोड होता. वीस वर्षे वर्गात शब्द आणि अर्थ यांचे नाते समजावून सांगणाऱ्या माणसापाशी त्याचे उत्तर असायला हवे होते. ते नव्हते, म्हणून मी नुसता डोलत राहिलो.

त्याचे असे झाले. माझा मावसभाऊ टोकियोत नोकरीला आहे. आमची मीनू जपानी भाषेच्या वर्गाला जाते, म्हणून गेल्या दिवाळीत त्याने तिच्यासाठी एक कॅसेट आणली. या दिवसांत कॅसेट! पण तात्सुरो यामाशिता या गायकाचा 'फॉर यू' हा १९८२ सालचा अल्बम २०२३ मध्ये तबकडीच्या जोडीने कॅसेटच्या रूपातही पुन्हा निघाला. माळ्यावरचा माझ्या वडिलांचा टेपरेकॉर्डर खाली आला, त्याचा रबरी पट्टा बदलला आणि घरात जपान वाजू लागला.

हा अल्बम मुळात बाजारात आला २१ जानेवारीला, म्हणजे टोकियोतल्या ऐन कडाक्याच्या थंडीत. आत मात्र सगळे लख्ख ऊन! वेष्टनावरचे एझिन सुझुकी यांचे चित्रसुद्धा उन्हात न्हालेले. पहिले गाणे 'स्पार्कल'. मिनाको योशिदा या गायिकेचे शब्द, चाल यामाशितांची. आधी एकटी गिटार येते, तीही त्यांनीच वाजवलेली. आमची आजी कोथिंबीर चिरी, तसे ते सूर भराभर, तुटक आणि एकसारखे पडतात. मग ड्रम, मग पितळी वाद्ये, आणि मग तो मोकळा, उंच आवाज. खिडकी धाडकन उघडून कोणीतरी समुद्र आत सोडावा, तसे वाटते.

पहिल्यांदा ऐकून झाल्यावर मी चष्मा पुसला आणि म्हणालो, "छान आहे. पण जरा उथळच, नाही का?"

मीनूने टेपरेकॉर्डर बंद केला. "बाबा, माझ्या लेखावरही तुम्ही हेच लिहिले होते."

मला आठवेना. मग आठवले. दोन वर्षांपूर्वी तिने आजोळच्या पहिल्या पावसावर चार पाने लिहून माझ्यापुढे ठेवली होती. उत्तरपत्रिका तपासताना हातात होती त्याच लाल शाईने मी वर शेरा मारला होता: 'प्रसन्न, पण उथळ.' त्यानंतर तिने मला काही दाखवले नाही. अभ्यासाच्या ओझ्यामुळे लिहीत नसेल, असे मी परस्पर ठरवून टाकले होते.

आमच्या धंद्यात दुःखाला वजन फार! करुण हाच एक खरा रस, ही भवभूतीच्या नाटकातली कल्पना आम्ही इतकी मनावर घेतली आहे की, निबंधात कोणी मेले तर आम्ही साठ गुण देतो आणि कोणी हसले तर पंचेचाळीस.

पण हा आनंद कसा घडला, ते जरा पाहा. यामाशितांचा जन्म १९५३ चा, टोकियोतला. 'शुगर बेब' या त्यांच्या वाद्यवृंदाचा एकच अल्बम निघाला, १९७५ साली. पुढच्याच वर्षी मंडळी पांगली. खरी कीर्ती लाभली ती १९८० साली, 'राइड ऑन टाइम' हे गाणे कॅसेटच्याच एका जाहिरातीतून घरोघर पोचले तेव्हा. त्याच वर्षी त्यांनी 'ऑन द स्ट्रीट कॉर्नर' हा वाद्यांविना गाण्यांचा अल्बम केला. त्यातला मेळा म्हणजे त्यांचा एकट्याचा आवाज, पुनःपुन्हा ध्वनिमुद्रित करून एकावर एक रचलेला! 'फॉर यू'मध्येही गाण्यांच्या अधूनमधून असे इवलेसे तुकडे आहेत. बंद खोलीत बसून, स्वतःच्याच आवाजाशी स्वतःचा आवाज तासन्‌तास जुळवत बसणारा माणूस! इतक्या कष्टाने उभारलेल्या आनंदाला उथळ म्हणायला मी केवळ दोन मिनिटे घेतली होती.

तेव्हापासून ती कॅसेट रोज वाजते. शेवटचे गाणे तेवढे इंग्रजीत आहे, ॲलन ओडे यांनी लिहिलेले. त्याचे सगळे शब्द मला कळतात, आणि गंमत अशी की, तेच मला सर्वांत कमी आवडते! सौभाग्यवतींच्या प्रश्नाला तूर्त माझे एवढेच उत्तर.

परवा रात्री उत्तरपत्रिकांचा गठ्ठा बाजूला सारून मी मीनूला म्हणालो, "तो पावसाचा लेख दे ना, पुन्हा वाचायचाय."

"तो मी तेव्हाच फाडला," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. म्हणूनच ते अधिक लागले.

काय बोलावे ते मला सुचेना. टेपरेकॉर्डर चालूच होता. शेवटी म्हणालो, "माझे चुकले, मीनू. पुन्हा लिहिशील?"

कॅसेटची एक बाजू संपून खटका वाजला. ती उठली आणि दुसरी बाजू लावता लावता म्हणाली, "बघते. पण लाल पेन आधी आत ठेवा."

मी ते खणात ठेवले आहे.