खपलीचा काठ

नायट्याचं स्क्रेपिंग घेताना पातं कापण्यासाठी धरायचं नसतं. ते त्वचेवर जवळजवळ उभं ठेवायचं आणि हलक्या हाताने ओढायचं, दुधाच्या पातेल्याची खरवड काढावी तसं. रक्ताचा थेंब आला तर हात चुकला. खाली काळ्या कागदाची घडी धरलेली असते. काळ्यावर पांढरा कोंडा उठून दिसतो आणि पुरेसा मिळाला की नाही ते लगेच कळतं. त्याआधी स्पिरिटने जागा पुसायची, कारण मलमाचा थर चढलेला नाही अशी त्वचा हल्ली क्वचितच समोर येते.

त्वचारोगाची डॉक्टर म्हणून मी सकाळी ओपीडीत बसते आणि दुपारी बुरशीच्या प्रयोगशाळेत. शिकत होते तेव्हा पहिल्या महिन्यात माझ्या बहुतेक स्लाइड कोऱ्या निघाल्या. चट्टा तर समोर ढळढळीत, गजकर्णाचं गोल कडं, खाजवून लाल झालेलं, आणि स्लाइडवर काहीच नाही. आमच्या सरांनी एकदा मागे उभं राहून पाहिलं आणि म्हणाले, "मधे काय शोधतेस? ती तिथून कधीच उठून गेली. काठावर जा." मी चट्ट्याच्या मधोमध खरवडत होते, कारण तिथे रुग्णाला दुखत नव्हतं.

ही बुरशी केराटिन खाते. त्वचेचा सर्वांत वरचा मेलेला थर, केस आणि नख यांचं प्रथिन ते केराटिन. जिवंत पेशींत ती सहसा शिरत नाही. मागची त्वचा शरीर तिच्याविरुद्ध पेटून उठतं तशी झडत जाते आणि ती पुढच्या ताज्या थराकडे सरकते. म्हणून मध्यभाग निवळतो आणि कडा उंचावते. रुग्णाला ज्या जागी सर्वांत जास्त खाज सुटते, ज्या जागी हात लावला की तो पाय आखडून घेतो, नेमकी तिथेच आम्हाला पातं टेकवावं लागतं. "दोन मिनिटं सोसा," हे वाक्य मी जितक्या वेळा म्हटलं असेल तितकं दुसरं कुठलंच नाही.

पुढे कोंड्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकायचा, दहा टक्क्यांचा, वर कव्हर स्लिप ठेवायची आणि थांबायचं. वीस मिनिटं तरी. केराटिन विरघळून पारदर्शक होतं, बुरशीची भिंत टिकून राहते. सूक्ष्मदर्शकाचा कंडेन्सर खाली घेऊन उजेड कमी करायचा. भरपूर उजेडात हे तंतू काचेत काच मिसळावी तसे हरवतात. मंद उजेडात ते दिसतात: हिरवट झाक असलेले, पेशींच्या सीमा न जुमानता आरपार गेलेले, मधे मधे पडदे आणि फांद्या असलेले. नवख्याला पेशींच्या कडांचं जाळंही बुरशीच वाटतं. फरक असा की जाळं पेशीच्या कडेकडेने वळतं आणि तंतू पेशी ओलांडून जातो. हे पुस्तकातल्या चित्रावरून येत नाही. शंभर-दीडशे स्लाइड बघितल्या की एक दिवस डोळा आपोआप तिथे थांबायला लागतो.

या साध्या तपासणीबद्दल मला फार जिव्हाळा वाटतो, आणि त्याला तिचा इतिहासही कारणीभूत आहे. अगोस्तिनो बासी यांनी १८३५ मध्ये रेशीमकिड्यांचा एक रोग बुरशीमुळे होतो हे दाखवलं. त्यावरून सुचून योहान शोनलाइन यांनी १८३९ मध्ये डोक्यावरच्या पिवळ्या खपल्यांच्या रोगात, फेव्हसमध्ये, बुरशी पाहिली. मग रोबेर्ट रेमाक यांनी ती खपली स्वतःच्याच हातावर लावून रोग उठवून घेतला. माणसाचा एखादा आजार सूक्ष्मजीवामुळे होतो याचा हा अगदी सुरुवातीचा पुरावा, आणि कॉखना अँथ्रॅक्सचा पुरावा मिळायला अजून तीन दशकांहून जास्त वेळ होता. रोगजंतूंच्या कल्पनेचा एक मोठा धागा अशा रीतीने फुप्फुसात किंवा रक्तात नाही, तर मुलांच्या डोक्यावरच्या खपलीत सापडला. पुढे पॅरिसमध्ये रेमों साबुरो यांनी या बुरशा वाढवण्यासाठी जे माध्यम वापरलं, त्यांच्याच नावाच्या अगारवर आम्ही आजही कोंडा पेरतो.

मी शिकत होते तेव्हा नायटा हा सोपा आजार होता. टर्बिनाफिनच्या गोळ्या दोन-तीन आठवडे, सोबत मलम, आणि रुग्ण परत दिसायचा नाही. साधारण २०१४ नंतर चित्र पालटलं. तेच रुग्ण तिसऱ्यांदा, पाचव्यांदा येऊ लागले. एकेका घरात सासू, सून, नातू, सगळ्यांच्या अंगावर. आणि प्रत्येकाच्या पिशवीत एक पिचकलेली ट्यूब.

त्या ट्यूबमध्ये बुरशीचं औषध असतं, जिवाणूंचं असतं आणि जोरकस स्टेरॉइड असतं. स्टेरॉइडने खाज त्याच दिवशी थांबते, लाली जाते. मेडिकलवाला ती हातात ठेवतो आणि खाज थांबलेला माणूस शेजाऱ्यालाही तीच सांगतो. पण शरीराचा प्रतिकार शांत झाला की बुरशीला मोकळं रान मिळतं. काठ पुसट होतो, कड्याच्या आत दुसरं कडं उठतं, चट्ट्याची ओळखच हरवते. असा झाकला गेलेला नायटा १९६८ मध्येच आइव्ह आणि मार्क्स यांनी वर्णन केला होता. जांघेतली त्वचा पातळ होऊन ताणाच्या पांढऱ्या रेघा उठतात त्या वेगळ्याच, त्या आयुष्यभर राहतात. २०१८ मध्ये सरकारने अशी काही स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत असा नियम केला. ट्यूब मात्र अजून पिशव्यांतून निघतात.

एका पावसाळ्यात एक मावशी आल्या. ऊसतोडीला जाणाऱ्या, कमरेभोवती आणि मांडीवर चट्टे. गोळ्या तीन महिने घेतल्या होत्या, नेमाने. पाकिटं सुद्धा जपून आणली होती, "तुम्ही इश्वास ठेवनार न्हाई म्हनून." मी विश्वास ठेवला. अशा रुग्णाला 'औषध नीट घेत नाही' असं लिहून मोकळं होणं सोपं असतं; मीही पूर्वी ते केलं आहे, आणि त्या नोंदी आठवल्या की वाईट वाटतं.

त्यांचा कोंडा साबुरोच्या अगारवर पेरला. आठवडाभरात पांढरी, पिठासारखी वसाहत उठली. वर्षानुवर्षं आम्हाला ट्रायकोफायटॉन रुब्रम दिसायची, तिची पाठ गडद लाल असते. ही तशी नव्हती. बाहेरच्या प्रयोगशाळेतून जनुकांचा अहवाल आला तेव्हा नाव कळलं: ट्रायकोफायटॉन इंडोटिनी. जपानमधल्या संशोधकांनी २०२० मध्ये या जातीला हे नाव दिलं. टर्बिनाफिन बुरशीचं एक विकर बंद पाडतं, स्क्वालीन इपॉक्सिडेज, त्यामुळे बुरशीच्या पेशीपटलाला लागणारं अर्गोस्टेरॉल तयार होत नाही. या विकराच्या साखळीत ३९७ व्या जागी फिनिलअॅलनिनऐवजी ल्युसीन बसलं की औषधाला धरायला जागाच उरत नाही. मावशींच्या नमुन्यात नेमका तोच बदल होता. एका मण्याची अदलाबदल, आणि त्यामागे तीन महिन्यांच्या गोळ्या वाया.

तो कागद हातात घेऊन मी बराच वेळ बसले होते. मला राग आला तो बुरशीचा नव्हे. अपुरे डोस, अर्धवट कोर्स, ट्यूबमधलं स्टेरॉइड, यांनी या जातीला पसरायला वाट करून दिली असं आम्हा अनेकांना वाटतं. बदल नेमका कसा टिकला आणि फैलावला याचा शोध अजून चालू आहे. आता ती इथली राहिलेली नाही. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमध्येही तिचे रुग्ण सापडल्याची नोंद झाली.

मावशींना इट्राकोनाझोल सुरू केलं. ट्यूब टाकून द्यायला लावली. त्यानंतर पंधरा दिवस खाज आधीपेक्षा वाढली, आणि त्या पंधरा दिवसांत रुग्ण पळतो. त्या पळाल्या नाहीत. घरात दोन जणांत एकच टॉवेल होता, तो वेगळा केला. पावसात लुगडी वाळत नव्हती, म्हणून चुलीवरच्या दांडीवर टाकून त्या ती कोरडी करायच्या. त्यांच्या मालकांचंही स्क्रेपिंग घेतलं, त्यांच्याकडेही तीच बुरशी.

दहाव्या आठवड्याला त्या आल्या तेव्हा त्वचा स्वच्छ होती. जुन्या चट्ट्याच्या जागी फक्त काळसर डाग. "आता बंद करू ना गोळ्या?" काठ कुठे होता हे मला डागाच्या कडेवरून आठवत होतं. काळा कागद धरला आणि तिथे पातं उभं ठेवलं. जेमतेम चिमूटभर कोंडा निघाला. थेंब टाकला, वीस मिनिटं थांबले, उजेड कमी केला. तिसऱ्या फील्डमध्ये एक आखूड तंतू होता, पेशी ओलांडून गेलेला.

बाहेर बाकावर मावशी पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मी त्यांना आत बोलावलं, खुर्ची सूक्ष्मदर्शकाजवळ ओढली आणि डोळा लावायला सांगितलं.