‘नाईस’ शब्दाची गोष्ट



आपल्या मुलांच्या तोंडी सगळ्यात लवकर बसणारं इंग्रजी विशेषण कोणतं? माझ्या वर्गात तरी ‘नाईस’. चित्र नाईस, डबा नाईस, नवी चप्पलही नाईस. पण हा शब्द जन्माला आला तेव्हा तो शिवीच्या जवळचा होता, हे सांगितलं तर मुलांचे डोळे मोठे होतात. तुम्हीही सांगून पाहा.

लॅटिनमध्ये ‘नेस्कियुस’ असा शब्द होता. ‘ने’ म्हणजे नाही आणि ‘स्किरे’ म्हणजे जाणणे. ज्याला काही कळत नाही, तो नेस्कियुस. हा ‘ने’ आपल्या ‘न’चाच दूरचा नातेवाईक. आणि गंमत म्हणजे, त्याच ‘स्किरे’पासून ‘सायन्स’ हा शब्द आला. म्हणजे नाईस आणि सायन्स एकाच घरातले. एक न जाणणारा, एक जाणणारा!

जुन्या फ्रेंचमधून हा शब्द साधारण 1300 च्या सुमारास इंग्रजीत आला, तेव्हा त्याचा अर्थ होता मूर्ख, बावळट. पुढे तो नाजूक, चोखंदळ, मग बारकाईचा, काटेकोर असा सरकत गेला. छान, आवडण्याजोगा हा अर्थ 18 व्या शतकात रुळला. नंतर तर तो इतका वापरला जाऊ लागला की जेन ऑस्टिन या लेखिकेने 1817 च्या अखेरीस आलेल्या ‘नॉर्थँगर ॲबी’ कादंबरीत, सगळ्यालाच नाईस म्हणण्याच्या सवयीची एका पात्राकडून चेष्टा करवली आहे. (नकाशात फ्रान्समधलं नीस शहर दिसलं की मुलं ते नाईस वाचतील. स्पेलिंग तेच, पण त्याचं मूळ ग्रीक आणि वेगळं आहे.)

आता आपल्या मराठीकडे या. ‘सज्ञान’ या संस्कृत शब्दाचा झाला ‘शहाणा’. पण “मोठा शहाणाच आहेस!” असं आपण रागावून म्हणतो तेव्हा त्यात कौतुक असतं का? आणि ‘दीडशहाणा’ तर विचारूच नका. नाईस खालून वर चढला, शहाणा कधी कधी वरून खाली घसरतो.

आपल्या भद्रावतीच्या नावातच एक विशेषण बसलं आहे. भद्र म्हणजे शुभ, चांगला. प्राकृतात त्याचं ‘भल्ल’ झालं आणि मराठीत ‘भला’. भला माणूस म्हणजे चांगला माणूस. पण ‘भल्या पहाटे’ आणि ‘भला मोठा’ यांत चांगुलपणा कुठे आहे? तिथे तो फक्त जोर देतो. इंग्रजीत ‘नाईस अँड वॉर्म’ म्हणतात ना, अगदी तसंच. आणि भद्र एकटा फारसा कोणी बोलत नाही, ‘अभद्र बोलू नको’ मात्र घरोघरी ऐकू येतं.

हे सगळं मी का सांगते आहे? चौथीच्या वर्गात एक मुलगा “भाजी बेस झाली होती” म्हणाला आणि तीन-चार मुलं फिदीफिदी हसली. नंतर कितीतरी दिवस तो वर्गात बोलेचना. पालकसभेला त्याची आई म्हणाली, “मॅडम, घरी बी आता नाईसच म्हनाचं का जी?”

त्या आईला मी हीच गोष्ट सांगितली. दुसऱ्या दिवशी फळ्यावर ‘नाईस’ आणि ‘बेस’ शेजारी शेजारी लिहिले आणि मुलांना विचारलं, यातला कोणता शब्द एके काळी बावळट होता? सगळ्यांनी ‘बेस’कडे बोट दाखवलं. मग नाईसचा जन्मदाखला वाचून दाखवला. वर्ग एकदम गप्प!

त्या दिवशी गृहपाठ दिला : घरी ‘चांगलं’ या अर्थाचे जितके शब्द बोलतात, तितके लिहून आणा. आमच्याकडे कोळसा खाणी आणि आयुध निर्माणीमुळे ठिकठिकाणची कुटुंबं आहेत, त्यामुळे वऱ्हाडी, हिंदी, तेलुगू, सगळे शब्द आले. यादी वाचायला तोच मुलगा पहिला उभा राहिला.

नाईस जरूर शिकवा. परीक्षेला लागेल, नोकरीला लागेल. फक्त त्यासाठी मुलाच्या तोंडून ‘बेस’ काढून घेऊ नका. कोणताही शब्द जन्मतः गावंढळ किंवा साहेबी नसतो. बोलणाऱ्याला आपण जो मान देतो, तोच शब्दाला मिळतो.

तुमच्या घरी ‘चांगलं’ला काय म्हणतात? आज मुलांना विचारा आणि सोबत बसून यादी करा.