आत्या, तुझ्या आंब्यावर एक पेटी टांगू दे

तीर्थरूप आत्यास,


गेल्या रविवारी शिडी आणि पेटी घेऊन आम्ही भातसेच्या पुलावरून सापगावात आलो आणि तू आम्हाला अंगणातूनच परत धाडलंस. "घुबडाला माझ्या दारात घर देणार?" एवढंच म्हणालीस. चारचौघांत तुला उलट बोलणं बरं दिसलं नसतं, म्हणून हे पत्र.

खळ्याशेजारचा जुना आंबा गेल्या पावसात पडला. त्याच्या ढोलीत पिंगळ्याचं जोडपं असायचं. मी सुट्टीत आलो की तूच मला सांजवेळी दाखवायचीस. दोघं फांदीवर खेटून बसलेली असायची आणि आपण जवळ गेलो की मान खालीवर करून डोळे वटारायची. तुला त्यांचं कौतुकच होतं. आत्या, तो पिंगळाही घुबडाच्याच कुळातला.

आता ती जोडी विजेच्या तारेवर बसते. पिंगळा स्वतः ढोली कोरत नाही, काड्यांचं घरटंही बांधत नाही. जुन्या झाडात नाहीतर पडक्या भिंतीत पोकळी मिळाली तरच त्याचा संसार होतो. रस्त्यात, वीटभट्टीत आपली थोराड झाडं गेली. आज लावलेल्या रोपाला ढोली पडायला दोन पिढ्या जातील. तोवर ही पेटी.

या पेट्या करणारे आम्ही आठ जण आहोत. कुणी आसनगावहून रोज लोकलने मुंबईला जाणारा, कुणी सुतार. फळ्यांचे पैसे पदरचे. पिंगळ्यापुरतं तीन इंची भोक, तळाला पाणी निथळायला छिद्रं, आत रंग नाही, आणि अंडी घरंगळू नयेत म्हणून बोटभर लाकडाचा भुसा. भोकापुढे दांडी मुद्दाम लावलेली नाही, नाहीतर तिच्यावर बसून कावळा पिल्लं ओढेल.

परतताना तुझ्या गोठ्यामागे मला अंगठ्याएवढी राखाडी गुठळी सापडली. न पचलेलं पिंगळा असं तोंडावाटे टाकतो. घरी पाण्यात भिजवून सुईने उकलली. किड्यांचे चकचकीत पंख, नाकतोड्याचे पाय आणि उंदराच्या पिल्लाचा जबडा, पिवळे दात जसेच्या तसे. तुझ्या भाताचा एक चोर त्या गुठळीत होता.

इस्रायलमध्ये स्दे एलियाहू नावाच्या वसाहतीत १९८३ पासून उंदीर आवरायला शेतात गव्हाणी घुबडांसाठी पेट्या लावतात. पुढे शेजारच्या जॉर्डनचे शेतकरीही त्यात आले. तिथेही घुबड अपशकुनीच मानलं जातं, तरी त्यांनी पेट्या लावल्या. पुरंदरातल्या पिंगोरीला इला फाउंडेशनने २०१८ मध्ये उलूक उत्सव भरवला, तोही हीच भीती घालवायला. आणि आपल्या तालुक्याचंच सांगतो. रानपिंगळा १८८४ नंतर नामशेष झाला असं समजत होते. तो १९९७ मध्ये शहाद्याजवळ सापडला आणि २०१४ मध्ये आपल्या तानशाच्या जंगलात दिसला. तोही ढोलीतच अंडी घालतो.

घुबडाला दगड मारला तर ते तो दगड उगाळत बसतं आणि दगड झिजेल तसा मारणारा झिजतो, हे तूच मला सांगितलंस. त्या भीतीने माझा हात कधी उठला नाही, त्याबद्दल मी तुझा ऋणी आहे.

आणखी एक मागणं. कणगीजवळ उंदराचं औषध ठेवू नकोस. ते खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही, सुस्तावून उघड्यावर फिरतो आणि पिंगळा नेमका तोच उचलतो. मग ते विष पिल्लांच्याही पोटात जातं. मी तुला दोन पिंजरे आणून देतो.

पेटी टांगली की पिंगळा येईलच असं नाही. पहिल्या वर्षी साळुंकीही शिरेल. पण थंडी सरता सरता तो जागा शोधायला लागतो, म्हणून दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी मी पुन्हा येतो. तुझा होकार असेल तर मागच्या, अजून उभ्या असलेल्या आंब्याखालची लाकडं तेवढी बाजूला करून ठेव, शिडी लावायला जागा लागेल.

तुझा भाचा