उसनी गाडी, परका नंबर

मिरजेहून कागवाडला जाण्याला आमच्याकडे कुणी परराज्यात जाणे म्हणत नाही. म्हैसाळ मागे पडले की थोड्याच वेळात पाट्या कन्नड होतात, एवढेच. सोयरिकी दोन्हीकडच्या. लग्नात निम्म्या गाड्या एमएच १० च्या, निम्म्या केए २३ च्या. दस्तरख्वानावर बसल्यावर कुणी कुणाला नंबर विचारत नाही.

नंबर विचारला जातो तो गाडी मुक्कामाला राहिली की. माझा मामेभाऊ २०२३ साली जेद्दाला कामाला गेला. त्याची मोटरसायकल कागवाडला मामूंच्या पडवीत उभी होती. जून २०२४ मध्ये मला साताऱ्यात तात्पुरती नेमणूक मिळाली. बिऱ्हाड मिरजेतच ठेवले. मामू म्हणाले, "बेटा, उभ्या उभ्या गंजतीय. तू घेऊन जा." शनिवारची सकाळची शाळा सुटली की उंब्रज, कऱ्हाड, पेठ नाका करीत घर गाठायचे, असा माझा क्रम सुरू झाला.

गाडी २०१९ ची. सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला थर्ड पार्टी विमा एकदम पाच वर्षांचा घ्यावा लागतो. ती पाच वर्षे २०२४ मध्ये संपली. जेद्दाला फोन लावला. तो म्हणाला, "भाई, थर्ड पार्टी भरा, बस. इथे तर हद्द ओलांडायची म्हटली की विम्याचा कागद आधी." खरेच आहे. अरब देशांनी १९७५ साली ट्युनिसला करार करून नारंगी कार्ड काढले. एका देशाच्या गाडीने दुसऱ्या देशात कुणाला धडक दिली तर भरपाईची हमी त्या कार्डावर असते. युरोपात तेच काम हिरवे कार्ड करते.

आपल्याकडे राज्याराज्यांत तसले कार्ड लागत नाही. कर्नाटकाचा विमा महाराष्ट्रात चालत नाही, असे स्टाफरूममध्ये मला दोघांनी ठासून सांगितले. ते चूक आहे. विमा साऱ्या हिंदुस्थानात चालतो. जादा पैसे भरले तर नेपाळ, भूतान, बांगलादेश, श्रीलंकेपर्यंतही वाढवून मिळतो. अडचण नंबराची असते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे परराज्याची गाडी बारा महिन्यांहून जास्त ठेवायची असेल तर इथला नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी मूळ आरटीओचा ना-हरकत दाखला आणि इथला रोड टॅक्स. तिथे भरलेल्या टॅक्सचा उरलेला भाग परत मागता येतो. मागणारे थोडेच.

साताऱ्यातल्या एका एजंटाने दहा मिनिटांत पॉलिसी काढून दिली. मी विचारले, "गाडी मी चालवतो, मालक जेद्दाला. मला काही झाले तर?" तो म्हणाला, "सर, पंधरा लाखांचं कव्हर आहे की. टाका सही." मी सही न टाकता कागद घरी नेला. शिक्षकाला बारीक अक्षर वाचायची खोड असते. पंधरा लाखांचे ते कवच मालक-चालकाचे होते, म्हणजे ज्याच्या नावावर गाडी आणि विमा आहे त्याचे. जेद्दातल्या माणसाचा विमा उतरवून मी पेठ नाका ओलांडणार होतो.

निंगम्मा खटल्याचे मला एका वकील मित्राने सांगितले. कर्नाटकातला एक माणूस दुसऱ्याची मोटरसायकल घेऊन निघाला, बैलगाडीवर आदळून गेला. बायकोने भरपाई मागितली. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, उसनी गाडी चालवणारा मालकाच्याच जागी उभा असतो. ज्या कलमाखाली तिने मागणी केली होती त्याखाली ती मिळणार नाही. दुसऱ्या कलमाखाली विचार करायला प्रकरण हायकोर्टाकडे परत गेले. हे ऐकून मी त्या शनिवारी एसटीने घरी गेलो.

अब्बांना विम्याचे नावच नको असते. त्यांच्या मते तो जुगार. मी वाद घातला नाही, पण विचारले, "माझ्या गाडीखाली कुणाचा पाय गेला तर त्याचा हक्क कुणी द्यायचा?" अब्बा बराच वेळ गप्प राहिले. मग आकिलाची गोष्ट त्यांनीच काढली. नकळत खून घडला तर दियत एकट्याने नव्हे, सारे कबीलेवाले मिळून भरत. आता कबीला कुठला? सूदानमध्ये १९७९ साली तकाफुलची कंपनी निघाली ती अशाच विचारातून. अब्बा म्हणाले, "दुसऱ्यासाठी भरतोस ते भर. स्वतःसाठीचं तुझं तू बघ." एवढी परवानगी मला पुष्कळ होती.

नाव घालून चालवणाऱ्यासाठी वेगळे कवच जादा हप्त्यात घेता येते. पण बारा महिने भरत आले होते, म्हणून गाडीच नावावर करून घ्यायचे ठरवले. मामेभाऊ सुट्टीवर आला तेव्हा त्याच्या सह्या घेतल्या, चिकोडीहून ना-हरकत आणली. गाडी नावावर झाली की चौदा दिवसांत विमा कंपनीला कळवायचे असते. ते कळवण्याचा अर्ज भरताना बायको शेजारी बसली होती. वारसाच्या रकान्यात तिचे नाव लिहायला घेतले तर आधार कार्डावर एक, निकाहनाम्यात दुसरे. ती म्हणाली, "आधी माझं नाव एक करा, मग साताऱ्याला जा." गाडी सध्या अंगणात आहे. आधार केंद्राची तारीख पुढच्या मंगळवारची मिळाली आहे.