गुराख्याच्या वेशातला खलाशी

आमची मुलगी आणि जावई अमेरिकेत अ‍ॅरिझोना राज्यात, फिनिक्स शहरी असतात. एका फेब्रुवारीत महिन्याची रजा काढून आम्ही उभयता त्यांच्याकडे गेलो. कोरडवाहू मुलूख पाहायला मिळेल, एवढीच माझी अपेक्षा होती. पण एका रविवारी जावई म्हणाले, "मामा, चला, आज तुम्हांला गुराखी दाखवतो."

शहराच्या उत्तरेला बेन एव्हरी नावाचे नेमबाजीचे मोठे मैदान आहे. भोवती बोडके डोंगर, आणि विजेच्या खांबासारखे सरळसोट उभे सग्वारो निवडुंग. फाटकातून आत गेलो तर जत्राच भरलेली. रुंद काठाच्या टोप्या, उंच बूट, कमरेला चामडी पट्टे घातलेले बाप्ये, घोळदार झग्यातल्या बाया, शाळकरी पोरेसुद्धा. गुरू मात्र एकही नव्हते!

हा तिकडचा एक छंद आहे. सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वीचे गुराखी, ज्यांना तिकडे काउबॉय म्हणतात, त्यांच्या काळच्या घडणीच्या बंदुका घेऊन ही मंडळी नेमबाजी खेळतात. अशी पहिली स्पर्धा १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियात झाली आणि १९८७ साली त्यांची रीतसर संस्था निघाली. प्रत्येक सभासदाने एक टोपणनाव घ्यायचे. एकाचे नाव दुसऱ्याला मिळत नाही. दोन पिस्तुले, एक रायफल, एक छऱ्यांची बंदूक. समोर लोखंडी पत्रे टांगलेले. घड्याळ लावून सगळ्यांवर नेम धरायचा. एक नेम चुकला की पाच सेकंद दंड.

एक सत्तरी ओलांडलेले गृहस्थ आम्हांला सावलीत घेऊन बसले. त्यांची लाकडी हातगाडी पाहून मला आपल्या भाजीवाल्याची आठवण झाली. बंदुका उभ्या ठेवायला खाचा, काडतुसांचा कप्पा, पाण्याचा डबा, वर बसायला फळी; सारे घरीच ठोकलेले. उडालेल्या काडतुसांची पितळी टरफले वेचून ते पुन्हा भरतात. काटकसर पाहून बरे वाटले.

नवख्याने सामान काय घ्यावे, असे जावयांनी विचारले. म्हातारबुवा म्हणाले, "बंदूक शेवटी घ्या. आधी चष्मा आणि कानाचे बोळे घ्या." शिशाची गोळी लोखंडावर आपटली की तिचे बारीक तुकडे मागे उडतात, म्हणून मैदानात पाहुण्यालासुद्धा चष्म्याशिवाय उभे राहू देत नाहीत. टोपीचा काठ रुंद आणि सदऱ्याची गळपट्टी बंद हवी, नाहीतर तापलेले टरफल गळ्यात शिरते. पिस्तुलात सहा घरे, पण गोळ्या पाचच भरायच्या. घोड्याखालचे घर रिकामे. भरण्याचे टेबल वेगळे, रिकामी करण्याचे वेगळे. हातून भरलेली बंदूक पडली, तर त्या स्पर्धेतून गडी बाद!

बोलताना ते सारखी मान वळवून उजवा कान पुढे करत होते. माझ्या ते ध्यानात आले, कारण मीही तसेच करतो.

हे गृहस्थ तरुणपणी आरमारात, जहाजाच्या इंजिनघरात कामाला होते. एकावर एक तीन फळ्या, त्यांत मधली यांची. कूस वळली तर वरच्याला धक्का. चार तास पाळी, आठ तास सुटी, पुन्हा पाळी. खाली उकाडा असा की अंगाला सदरा चिकटलेला, आणि आवाज असा की शेजारच्याचा शब्द ऐकू येऊ नये. म्हणून सगळे बोलणे हाताच्या खुणांनी. "मर्दाला कसले बोळे, असे तेव्हा वाटायचे," ते हसून म्हणाले. "आता नातवंडं हळू बोलली की मी नुसता हसतो. काय बोलली ते कळत नाही."

वाचकहो, ते वाक्य मला लागले. तीस वर्षे गावोगाव मळणी यंत्राची प्रात्यक्षिके मी यंत्राशेजारी उभा राहून दिली. पट्ट्यात सदरा अडकेल, कणसे लोटताना हात जाईल, हे घसा फोडून सांगितले. कानाबद्दल एक शब्द कधी बोललो नाही, कारण मलाच त्याची जाण नव्हती. आज माझा डावा कान अर्धा गेलेला आहे. गेलेले कान औषधाने परत येत नाहीत.

८५ डेसिबलच्या वरचा आवाज रोज आठ तास कानी पडला, तर कान हळूहळू निकामी होतो. हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावे लागले, की आवाज घातक समजावा. कापसाचा बोळा फारसा उपयोगी नाही. फोमचे बोळे मिळतात. स्वच्छ हातांनी बोळा वळून बारीक करावा, दुसऱ्या हाताने कानाची पाळी वर-मागे ओढावी, बोळा आत सरकवून तो फुगेपर्यंत बोटाने धरावा.

मार्चमध्ये परतलो तेव्हा धाकट्या भावाच्या खळ्यावर गहू काढणे चालू होते. मी बोळे आणि साधे चष्मे पुढे केले. गडी हसले. भाऊ म्हणाला, "दादा, हाक ऐकू आली नाही तर?" प्रश्न रास्त होता. मग जहाजातली युक्ती काढली: दोन्ही हात वर म्हणजे यंत्र बंद, एक हात वर म्हणजे थांब. यंत्र सुरू करण्याआधी सगळ्यांनी दोनदा करून पाहिले.

संध्याकाळी भुशाने माखलेला पुतण्या बोळे काढत म्हणाला, "काका, आज रात्री कानात घुं घुं होणार नाही बघा." तो हे माझ्या उजव्या बाजूने बोलला, म्हणून मला ऐकू आले.